अठरा ऑपेरांचा संच सवलतीत मिळतोय, घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तीन वर्षं तुम्ही ऑपेरा ऐकताय, पण पाहिलेले जेमतेम पाच-सहा. आता एका मोठ्या ऑपेरागृहातल्या वेगवेगळ्या काळातल्या चित्रीकरणांचा १८ ऑपेरांचा डीव्हीडी संच सवलतीत मिळतोय. सुटी डिस्क घेण्याच्या मानाने एका ऑपेरामागे पाव किंमत पडते. यादीतले सहा-सात ऑपेरा ओळखीचे आहेत, बाकीच्यांची नुसती नावं ऐकली आहेत किंवा तीही नाहीत. स्ट्रीमिंगची वर्गणी भरलेलीच आहे. मग हा संच घ्यावा, की मोह आवरावा?

मी बावीस वर्षं एका संगीत ग्रंथालयाच्या दृक्‌श्राव्य विभागात आहे. चित्रित ऑपेरा निवडणं, विकत घेणं, सांभाळणं आणि दर पंधरवड्याला दहा-बारा जणांबरोबर बसून पाहणं हे माझं काम. त्यामुळे घेतलेल्या डिस्कचं पुढे काय होतं ते मला देवघेवीच्या नोंदवहीत दिसतं. घेताना वाटलेली ओढ आणि नंतरचं प्रत्यक्ष पाहणं यांत केवढं अंतर पडतं, हे त्या वहीनेच मला शिकवलं.

तुम्ही संचाची किंमत १८ने भागलीत. तिथेच मला थांबावंसं वाटतं, कारण हा भागाकार विक्रेत्याच्या सोयीचा आहे. एक ऑपेरा म्हणजे अडीच ते चार तासांची बैठक. वॅग्नरचा ‘माइस्टरझिंगर’ तर साडेचार तासांच्या घरात जातो. १८ ऑपेरा म्हणजे पन्नास-साठ तास झाले. पंधरवड्याला एक, असं नेमाने पाहिलंत तरी नऊ महिने लागतील, आणि इतक्या नेमाने पाहणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. म्हणून किमतीला भागायचं ते पुढच्या दोन वर्षांत जे ऑपेरा तुम्ही शेवटच्या अंकापर्यंत पाहाल, त्यांच्या संख्येने. ती संख्या पाच निघाली, तर पाव किमतीचं आकर्षण जवळजवळ संपतं. अकरा-बारा निघाली, तर संच खरोखरच स्वस्त आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मी एका संगीतकाराच्या जवळपास सगळ्या ऑपेरांचा संच ग्रंथालयासाठी मागवला. वीसहून अधिक ऑपेरा होते आणि दर फारच चांगला होता. चार वर्षांनी वही काढून बसले. पाच ऑपेरा पुन्हा पुन्हा नेले गेले होते, सहा एकेकदा, आणि बाकीच्यांना कुणी हातही लावला नव्हता. त्या न हाताळलेल्या डिस्क तपासायला काढल्या, तर दोन डिस्कना मधल्या भोकापाशी बारीक चीर गेलेली. कागदी पाकिटं पेटीत इतकी दाबून बसवली होती की चीर बहुधा पहिल्या दिवसापासूनच असावी. बदलून मिळण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. त्याच पैशांत नीट निवडलेले आठ सुटे प्रयोग आले असते आणि ते आठही लोकांनी पाहिले असते. ही चूक माझी होती आणि आजही मला ती डाचते.

अर्थात संच म्हणजे एकच प्रकारची वस्तू नव्हे. कोणत्या धाग्याने ऑपेरा एकत्र बांधले आहेत, त्यावर उत्तर पुष्कळ बदलतं.

सगळ्यांत भक्कम बाजू असते ती एकाच कलाकृतीच्या संचाची, म्हणजे वॅग्नरच्या ‘रिंग’ची. एकाच कथेचे चार ऑपेरा, चार संध्याकाळी आणि सुमारे १५ तासांचं संगीत. यातला एकच भाग घेणं म्हणजे कादंबरीचा मधला खंड तेवढा घेण्यासारखं आहे. इथे संचच घ्यायचा, प्रश्न उरतो तो कोणता घ्यायचा एवढाच. वॅग्नरने स्वतःच्या ऑपेरांसाठी नाट्यगृह उभारलं त्या जर्मनीतल्या बायरॉइटला १९७६ साली ‘रिंग’च्या शताब्दीनिमित्त पात्रिस शेरोने दिग्दर्शित केलेला आणि पिएर बुलेझने वाद्यवृंदाचं संचालन केलेला प्रयोग पहिल्या वर्षी प्रेक्षकांनी आरडाओरडा करून झिडकारला होता. ऱ्हाईन नदीच्या जागी जलविद्युत प्रकल्पाचं धरण आणि देवांच्या अंगावर कारखानदारी युगातले कपडे, हे लोकांना सहन झालं नाही. १९८०मध्ये त्याचाच शेवटचा प्रयोग झाला तेव्हा टाळ्या तासाहून जास्त वेळ चालल्या. त्याचं चित्रीकरण १९७९ आणि १९८०मध्ये त्याच नाट्यगृहात प्रेक्षकांविना झालं आणि कॅमेऱ्याचं दिग्दर्शन ब्रायन लार्ज यांनी केलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा १९९०च्या सुमाराचा ऑटो शेंक यांचा ‘रिंग’ याच्या अगदी उलट आहे. तिथे जंगल जंगलासारखं दिसतं आणि भाला भाल्यासारखा. तिथेही कॅमेरा ब्रायन लार्ज यांचाच. बार्सिलोनाच्या ‘ला फुरा देल्स बाउस’ या नाट्यसमूहाने व्हॅलेन्सियात झुबिन मेहतांबरोबर केलेला ‘रिंग’ क्रेन, पडद्यावरची चित्रं आणि माणसांनी रचलेले मनोरे यांनी भरलेला आहे. तिन्ही पाहण्यासारखे आहेत, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी शेंककडून शेरोकडे जायला सांगते. मूळ गोष्ट डोळ्यांत बसली की शेरोने काय उलटंपालटं केलं ते कळतं आणि भिडतं.

दुसरा प्रकार संगीतकाराच्या ‘समग्र’ संचाचा. २००६ साली मोझार्टच्या २५०व्या जयंतीला साल्झबर्ग महोत्सवाने त्याच्या सगळ्या, म्हणजे २२ रंगमंचीय कृती सादर केल्या आणि त्यांचा ३३ डीव्हीडींचा संच निघाला. व्हर्दीच्या २०१३मधल्या द्विशताब्दीच्या वेळी असाच २६ ऑपेरा आणि ‘रिक्विएम’चा संच आला. हे संच पाहिले की छाती भरून येते. पण त्यांत काय असतं? मोझार्टने अकराव्या वर्षी लिहिलेला ‘अपोलो एट हियासिंथुस’ आणि चौदाव्या वर्षी मिलानसाठी लिहिलेला ‘मित्रिदाते’ असतो. ज्याने ‘फिगारो’, ‘डॉन जिओव्हान्नी’ आणि ‘कोसी’ दोन-तीन वेगवेगळ्या प्रयोगांत पाहिलेत, त्याला हे बालपणीचं काम पाहताना रोमांच येतो, कारण पुढचा मोझार्ट कुठे डोकावतो हे त्याला ओळखू येतं. ज्याने अजून ‘फिगारो’ही पुरता पाहिलेला नाही, त्याला तो एकामागून एक आरियांचा, म्हणजे एकट्याने गायच्या गाण्यांचा, लांबलचक तास वाटेल. शिवाय मोठ्या कृतींचा एकच प्रयोग संचात असतो आणि तोच त्या कृतीचा सर्वोत्तम प्रयोग असेल याची खात्री नसते. समग्र संच हा प्रवासाच्या उत्तरार्धात घ्यायचा. तुम्ही अजून पूर्वार्धात आहात, आणि ती मजेची जागा आहे.

लहान, एका विचाराने बांधलेले संच मात्र मी डोळे मिटून सुचवते. झुरिकमध्ये दिग्दर्शक जाँ-पिएर पोनेल आणि संचालक निकोलाउस हार्नोनकूर यांनी मॉन्टेव्हेर्दीचे उरलेले तीन ऑपेरा एकाच दृष्टीने केले आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांचं चित्रीकरण झालं. तीन ऑपेरा, एकच हात, एकच भाषा. असा संच माणूस खरोखर पुरा पाहतो.

तुम्ही म्हणताय तो चौथा प्रकार: एका ऑपेरागृहाचा किंवा एका कंपनीचा मिश्र संच. इथे धागा सर्वांत सैल असतो. चार उत्तम, सात-आठ ठीक आणि उरलेले दुकानात पडून राहिलेले, असं मिश्रण मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून अशा संचाच्या पेटीवरचं वर्णन न वाचता प्रत्येक ऑपेरासमोर तीन गोष्टी लिहून काढायच्या: चित्रीकरणाचं साल, प्रयोग रंगमंचावरचा की चित्रपटासारखा केलेला, आणि कॅमेऱ्याचा दिग्दर्शक कोण. गायकांची नावं सगळेच आधी बघतात. मी ती चौथ्या क्रमांकावर बघते. का, ते सांगते.

साल यासाठी की चित्राचा दर्जा त्यावर ठरतो. मेट्रोपॉलिटन ऑपेराचं पहिलं थेट दूरचित्रवाणी प्रक्षेपण मार्च १९७७मध्ये झालं, पाव्हारोट्टी आणि रेनाटा स्कॉट्टो यांच्या ‘ला बोएम’चं. तेव्हापासून पुढची वीस-पंचवीस वर्षं बहुतेक रंगमंचीय चित्रीकरणं व्हिडिओ टेपवर झाली. अमेरिकी प्रणालीत चित्राच्या ४८० आडव्या रेषा आणि युरोपीय प्रणालीत ५७६, चित्र जवळजवळ चौकोनी आणि अंधाऱ्या प्रसंगात दाणेदार. त्या टेपवर जे नाही ते ब्लू-रेवर टाकूनही येणार नाही. याउलट जे ऑपेरा ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाले, त्यांची मूळ फिल्म नव्याने स्कॅन केली की थक्क करणारं चित्र मिळतं. पोनेल यांचा १९७६चा ‘फिगारो’ तसा आहे. त्यात कार्ल ब्योम संचालक असून हेरमान प्राय, मिरेला फ्रेनी, किरी ते कानावा आणि फिशर-डीस्काऊ अशी मंडळी आहेत. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा एक ऑपेरा आजच्या पडद्यावर तजेलदार दिसू शकतो आणि १९९५चा दुसरा धूसर राहतो. नुसतं जुनं-नवं बघून हे कळत नाही. अलीकडचं चित्रीकरण बहुधा हाय डेफिनिशनच असतं. तसं असेल आणि तुम्हाला त्याची डीव्हीडी मिळत असेल, तर निम्म्याहून अधिक तपशील गाळून तुमच्या हाती येतोय हे लक्षात ठेवा.

टेपवरच्या धूसर चित्रामुळे मी ऑपेरा नाकारते असं मात्र नाही. कार्लोस क्लायबरचा म्युनिकचा १९७९चा ‘रोझेनकाव्हालियर’ मी आजही बैठकीत लावते. चित्र मऊ आहे, रंग उडालेले आहेत, आणि पहिल्या पाच मिनिटांत कुणाला त्याची आठवण राहत नाही. क्लायबरने १९९४मध्ये व्हिएन्नात हाच ऑपेरा पुन्हा केला आणि तोही चित्रित आहे. दोन्हीकडे रंगमंचाचं दिग्दर्शन ऑटो शेंक यांचंच. पंधरा वर्षांच्या अंतराने एकाच माणसाचा हात तेच संगीत कसं वळवतो हे शेजारी शेजारी पाहणं, हा माझ्या कामातला सर्वांत मोठा आनंद आहे. पण असा आनंद सुटे प्रयोग जोडून मिळतो. मिश्र संचात एकाच ऑपेराचे दोन प्रयोग सहसा ठेवत नाहीत.

रंगमंचीय प्रयोग आणि ऑपेरा-चित्रपट यांतला फरकही आधीच जाणून घ्या, नाहीतर हिरमोड होतो. चित्रपटात आवाज आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतो आणि नंतर गायक त्यावर ओठ हलवतात. पोनेल यांनी ‘फिगारो’त काही ठिकाणी पात्रांचे ओठ मिटलेलेच ठेवले आहेत, कारण ते त्यांचं मनातलं गाणं आहे. मला ही कल्पना अतिशय आवडते. आमच्या गटातल्या काहींना ती अजिबात मानवत नाही, कारण त्यांना श्वास घेणारा, घाम आलेला, समोरच्या क्षणी गाणारा माणूस हवा असतो. फ्रांचेस्को रोझी यांचा १९८४चा ‘कार्मेन’ आणि जोसेफ लोझी यांचा १९७९चा ‘डॉन जिओव्हान्नी’ हेही चित्रपटच. १९९२मध्ये रोममध्ये ‘तोस्का’चा प्रत्येक अंक कथेतल्या खऱ्या जागी आणि खऱ्या वेळी गाऊन थेट प्रक्षेपित झाला. मेहता वाद्यवृंदाबरोबर दुसरीकडे होते आणि गायक त्या इमारतींत. तो प्रकार दोहोंच्या मधला. तुम्हाला यांतलं काय रुचतं हे फक्त तुम्हीच ठरवू शकता, म्हणून दोन्ही प्रकारांचा निदान एकेक अंक पाहिल्याशिवाय संच मागवू नका.

आता कॅमेऱ्याच्या दिग्दर्शकाकडे येते. माझ्या मते चित्रित ऑपेराचं भवितव्य इथेच ठरतं आणि पेटीवर हे नाव सगळ्यांत बारीक अक्षरांत असतं.

नाट्यगृहात तुमची नजर मोकळी असते. गाणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे, तिथून दाराकडे, मग वाद्यवृंदाकडे. डिस्कवर ते स्वातंत्र्य दुसऱ्याच्या हाती गेलेलं असतं. वाईट दिग्दर्शक फक्त गाणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा रोखतो. ऑपेरागायक शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी तोंड उघडतो, त्याची जीभ आणि दात बघण्यासाठी ते नसतं. शिवाय ऑपेरात पुष्कळदा खरी घटना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर घडत असते.

याची कसोटी म्हणून मी एकच तुकडा वापरते. ‘फिगारो’च्या दुसऱ्या अंकाचा शेवट, साधारण वीस मिनिटांचा. सुरुवातीला दोघंच आहेत: काउंट संतापलेला, काउंटेस घाबरलेली, आणि बंद खोलीचं दार. दारातून सुझाना बाहेर येते आणि तिघं होतात. मग फिगारो येतो. मग फुलझाडं तुडवली म्हणून तक्रार घेऊन माळी येतो. शेवटी आणखी तिघं घुसतात आणि सात जण एकदम गातात. माणसं वाढत जातात तसा संगीताचा वेग आणि गुंता वाढतो, तरी कोण कुणाला फसवतंय हे प्रत्येक क्षणी स्पष्ट असायला हवं. सुझाना दारातून येते त्या क्षणी कॅमेरा कुठे आहे? फक्त तिच्यावर असेल तर अर्धा विनोद गेला. काउंट आणि काउंटेस दोघंही सारखेच चकित झालेले दिसले पाहिजेत, कारण दोघांचीही अपेक्षा आत दुसराच कुणी सापडण्याची होती. माळी बोलत असताना खिडकीतून उडी मारल्याची थाप फिगारो कशी रचतो ते दिसतं का? आणि शेवटी सातही जण एका चौकटीत येतात का, की एकेकाच्या चेहऱ्यावर उड्या मारून चौकटीच मोडल्या आहेत? ही वीस मिनिटं नीट चित्रित झाली असतील तर उरलेले तीन तास मी निर्धास्त बसते.

वॅग्नरसाठी कसोटी निराळी. ‘रिंग’चा पहिला भाग ‘ऱ्हाईनगोल्ड’ सुरू होताना तालाची १३६ मापं एकच सूरसंघात वाढत जातो, जवळजवळ चार मिनिटं, आणि रंगमंचावर काहीच घडत नाही. काही दिग्दर्शक घाबरून वादकांचे हात, छताची नक्षी, प्रेक्षकांची डोकी दाखवत सुटतात. ज्याला संगीतावर विश्वास आहे तो अंधार अंधारच ठेवतो आणि उजेड हळूहळू येऊ देतो. ‘वालक्यूरे’च्या पहिल्या अंकात सिग्लिंडे त्या अनोळखी पाहुण्याला पाणी देते, दोघं एकमेकांकडे पाहतात आणि एकटा चेलो गातो. तिथे चौकट जितकी स्थिर तितकी ती नजर खोल जाते. आणि ‘तोस्का’च्या दुसऱ्या अंकाचा शेवट: खून झाल्यावर ती मृतदेहाच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवते आणि छातीवर क्रूस. शब्द नाहीत, फक्त वाद्यवृंद. या वेळी कॅमेरा तिच्या डोळ्यांत घुसला आणि मेणबत्त्या चौकटीबाहेर राहिल्या, तर पुच्चिनीने तिथे काय लिहिलंय तेच हरवलं.

३० डिसेंबर २००६ रोजी मेट्रोपॉलिटनने चित्रपटगृहांत थेट प्रक्षेपण सुरू केलं. त्यानंतरच्या वर्षांत गायकांचा अभिनय आणि रंगभूषा कॅमेऱ्याच्या जवळिकीचा विचार करून होऊ लागली आहे, असं मला पाहताना जाणवतं. त्याआधीही अपवाद होतेच. साल्झबर्गच्या २००५च्या ‘ला त्राव्हियाता’त विली डेकर यांनी रंगमंच जवळजवळ मोकळा ठेवला: एक वळणदार पांढरी भिंत, एक प्रचंड घड्याळ, लाल झगा घातलेली आन्ना नेत्रेबको. एवढी साधी रचना असल्यामुळे कॅमेरा कुठेही गेला तरी अर्थ हरवत नाही. पहिल्यांदा चित्रित ऑपेरा घेणाऱ्याला मी हा हमखास दाखवते.

आवृत्तीची पडताळणी दोन मिनिटांत होते, पण ती करा. व्हर्दीचा ‘डॉन कार्लोस’ १८६७मध्ये पॅरिससाठी फ्रेंचमध्ये पाच अंकी लिहिला गेला आणि १८८४मध्ये मिलानसाठी इटालियनमध्ये चार अंकी झाला. चार अंकी आवृत्तीत नायक-नायिकेची फाँतेनब्लोच्या जंगलातली पहिली भेटच नाही, म्हणजे पुढच्या सगळ्या दुःखाचं कारण प्रेक्षकाने नुसतं ऐकून घ्यायचं. १९९६चा पॅरिसच्या शातले नाट्यगृहातला लुक बाँडी यांचा फ्रेंच प्रयोग म्हणून मला मोलाचा वाटतो. मोझार्टच्या ‘जादूची बासरी’चंही तसंच. बर्गमन यांचा १९७५चा चित्रपट स्वीडिशमध्ये आहे, आणि मेटचा, म्हणजे मेट्रोपॉलिटन ऑपेराचा, २००६चा चित्रपटगृहांतला प्रयोग इंग्रजीत व पुष्कळ कापलेला होता. दोन्ही सुंदर आहेत, पण मूळ जर्मन पूर्ण ऑपेरा हवा असेल तर ते नव्हेत.

ध्वनीबद्दल इतकंच: दोन चांगले स्पीकर असतील तर स्टिरिओ पीसीएम, म्हणजे न दाबलेल्या दोन वाहिन्यांच्या ध्वनीचा ट्रॅक लावा. जुन्या चित्रीकरणांवरचा ५.१, म्हणजे सहा स्पीकरसाठीचा ट्रॅक कधी कधी मूळ स्टिरिओपासूनच तयार केलेला असतो, त्याने फक्त प्रतिध्वनी वाढतो. सबटायटल्स बहुतेक डिस्कवर इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशी असतात, पण जुन्या संचांत सगळ्याच डिस्कवर असतील असं गृहीत धरू नका. पुनर्मुद्रित संचांत सुट्या डिस्कबरोबर आलेली माहितीपुस्तिका बहुतेकदा गाळलेली असते, तेव्हा कथासार स्वतः शोधायची तयारी ठेवा. आणि घरात डिस्क चालवणारं यंत्र आहे ना, तेही बघा. नवं घ्यावं लागणार असेल तर त्याची किंमतही भागाकारात धरा. काही डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागात विकलेल्या यंत्रांवरच चालतात. ऑपेराच्या बहुतेक डीव्हीडींवर हे बंधन नसतं, तरी पेटीच्या मागे शून्याचं चिन्ह पाहून घ्यावं.

स्ट्रीमिंगची वर्गणी आहे हे तुम्ही संचाच्या विरोधातला मुद्दा म्हणून लिहिलंय. मला ती निवडीची चाळणी वाटते. मेटची स्वतःची सेवा आहे, आणि ऑपेराव्हिजनवर युरोपातल्या ऑपेरागृहांचे प्रयोग विनामूल्य लागतात, मात्र काही महिन्यांनी काढले जातात. डिस्कचं खरं मोल इथेच आहे, की ती कुणी काढून घेत नाही. दहा वर्षांनी एखाद्या रात्री तुम्हाला तोच प्रयोग, तोच आवाज हवासा वाटला तर तो कपाटात असतो. पण ही गरज पुन्हा पाहण्याची आहे. पहिल्यांदा पाहण्यासाठी वर्गणी पुरते. म्हणून माझा क्रम असा: आधी स्ट्रीमिंगवर पाहायचं आणि जे महिनाभर डोक्यात घोळत राहील त्याची डिस्क घ्यायची.

तुमच्या परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी मला इथून दिसत नाहीत. तुम्ही एकटे पाहता की कुणाबरोबर? घरात दुसरं कुणी पाहणारं असेल तर अनोळखी ऑपेराही पुरे होतात, कारण मध्ये थांबून बोलता येतं. तुम्ही आवडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा पाहणारे आहात, की एकदा पाहून पुढे जाणारे? घरी इंटरनेटचा वेग कसा आहे? तो अडखळता असेल तर डिस्कची बाजू एकदम जड होते, कारण ‘त्रिस्तान’च्या शेवटच्या दहा मिनिटांत चित्र थांबण्याइतकं दुःखद काही नाही.

तरीही तुम्ही दिलेल्या माहितीवर स्पष्ट मत द्यायचं, तर आज हा संच घेऊ नका. सहा-सात ओळखीचे ऑपेरा आणि नसलेली पाहण्याची सवय, यांवर माझ्या वहीच्या हिशेबाने चार-पाच पुरे होतील. त्याऐवजी तीन सुटे प्रयोग घ्या: एक मोझार्ट, एक व्हर्दी आणि एक असा ज्याचं नावही तुम्हाला नवं आहे. सहा महिन्यांत तिन्ही पुरे झाले आणि एखादा दोनदा पाहून झाला, तर संचाकडे पुन्हा वळा. सवलती येत-जात राहतात. दोन परिस्थितींत मात्र मी आजच घ्या म्हणेन. यादीत असे तीन-चार प्रयोग असतील जे स्ट्रीमिंगवर कुठेच नाहीत, सुटे मिळायचे बंद झाले आहेत आणि ज्यांचा एखादा अंक पाहून तुम्ही हललेले आहात, तर उरलेले चौदा भेट समजून घ्या. किंवा तुमच्याबरोबर नेमाने बसणारं माणूस असेल आणि दोघांनी मिळून पंधरवड्याचा वार ठरवला असेल, तर.

आणि संच घेतलातच तर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक डिस्क यंत्रात घालून तपासा. नुसती सुरुवात चालवून भागत नाही. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, आणि दोष बहुधा बाहेरच्या कडेला असतो, जिथे एकमेकींना चिकटवलेल्या दोन चकत्या सुटू लागतात किंवा डिस्क वाकलेली असते. माहितीचा एकच थर असलेल्या डिस्कवर ही कड शेवटच्या चॅप्टरला येते. दोन थरांच्या डिस्कवर दुसरा थर बाहेरून आत वाचला जातो, म्हणून तिथे कड येते ऑपेराच्या मध्यावर, चित्र क्षणभर थबकतं त्या जागेच्या आसपास. तेव्हा प्रत्येक डिस्कची मधली पाच मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं चालवा, मधल्या भोकापाशी चीर आहे का ते उजेडासमोर धरून बघा, आणि बदलून घ्यायची शेवटची तारीख पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा.